मुके ओलीस

अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरातील एका स्त्रीची हकिकत २०१२ च्या सुमारास तिकडच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती. तिचा जोडीदार तिला हातोडीने मारीत असता घरातील ग्रेट डेन जातीचा थोराड कुत्रा तिच्या अंगावर आडवा पडला आणि पुष्कळसे घाव त्याने आपल्या अंगावर घेतले. कुत्र्याची हाडे मोडली. पण दोघेही वाचली. पीडित स्त्रियांसाठी त्या शहरात रोझ ब्रुक्स सेंटर नावाचे आश्रयगृह आहे. तेथे त्या स्त्रीला जागा देण्याची तयारी होती, कुत्र्याला नव्हती. प्राणी आत घ्यायचे नाहीत असा नियम होता, आणि तो बहुतेक सर्व आश्रयगृहांत तेव्हा होता, आजही पुष्कळ ठिकाणी आहे. ज्याने आपला जीव वाचविला त्याला मागे सोडून आत येण्यास त्या स्त्रीने साफ नकार दिला. चालकांनी अखेर नियम बाजूला ठेवला. आणि पुढे आवारातच प्राण्यांसाठी निवाऱ्याची सोय बांधून काढली.

ही हकिकत अनेकांनी 'इमानी कुत्र्याची गोष्ट' म्हणून वाचली असेल. तशी ती आहेच. परंतु प्रस्तुत लेखकाचे कुतूहल कुत्र्याविषयी नसून नियमाविषयी आहे. (खरे सांगायचे तर लेखकाला कुत्र्यांची लहानपणापासून भीती वाटते, आणि ती भीती पुढील विवेचनात कोठे डोकावलीच तर वाचकांनी क्षमा करावी.) जिवावर बेतलेले असताना एखादी स्त्री दारापर्यंत येते आणि दार उघडे असूनही आत येत नाही, ही घटना अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला थांबून विचार करावयास लावणारी आहे.

"मग ती निघून का जात नाही?"

कौटुंबिक छळाची वार्ता कानी आली, की सुशिक्षित माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. प्रश्नात एक छुपा आरोप असतो. जाणे शक्य असून ती जात नाही, म्हणजे तिला ते फारसे जाचत नसावे, असा तो आरोप होय. यास उत्तर म्हणून आपण सहसा मुलांची नावे घेतो, पैशाची अडचण सांगतो, माहेरची दारे बंद असल्याचे सांगतो. ही सर्व कारणे खरीच आहेत. मात्र या यादीत घरातील जनावराचे नाव फार उशिरा आले, आणि तेही विचारणाऱ्यांनी विचारले म्हणून आले.

युटा राज्यातील मानसशास्त्रज्ञ फ्रँक ॲसियोन यांनी एका आश्रयगृहात आलेल्या ३८ स्त्रियांना हा प्रश्न सरळ विचारला आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होते अशा स्त्रियांपैकी ७१ टक्के स्त्रियांनी सांगितले की, जोडीदाराने प्राण्याला इजा करण्याची धमकी दिली होती अथवा प्रत्यक्ष इजा केली होती, काहींच्या बाबतीत तर त्याला ठारच मारले होते. प्राण्याच्या काळजीपोटी आपण आश्रयगृहात येणे लांबणीवर टाकले, असे म्हणणाऱ्याही त्यांत होत्या. ३८ हा आकडा लहान आहे. एका आश्रयगृहावरून साऱ्या समाजाचा हिशेब मांडता येत नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही कळते. परंतु पुढील काळात निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचे बोट त्याच दिशेस गेले. न्यूयॉर्कच्या अर्बन रिसोर्स इन्स्टिट्यूट या संस्थेने राष्ट्रीय हेल्पलाइनच्या साहाय्याने केलेली पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत निम्म्या पीडितांनी सांगितले की, प्राणी बरोबर नेता येत नसेल तर आपण आश्रयगृहात जाण्याचा विचारही करणार नाही. येथेही सावधगिरी हवी, कारण पाहणीत उत्तरे देणाऱ्यांत प्राणी पाळणाऱ्यांचाच भरणा अधिक असणार. ती सूट देऊनही जे उरते ते थोडे नाही.

या स्त्रिया येत नाहीत, म्हणून त्या आश्रयगृहाच्या नोंदवहीत नाहीत. नोंदवहीत नाहीत, म्हणून त्यांची गरजही कोणाला दिसत नाही. बाजारात मागणी दिसत नाही याचा अर्थ गरज नाही असा होत नाही, हे आम्ही वर्गात कंठशोष करून सांगतो. आश्रयगृहांच्या बाबतीत त्याचे यापेक्षा चांगले उदाहरण देता येणार नाही.

जाण्याची किंमत

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. एखादी संस्था बिघडत चालली की तिच्यातील माणसांपुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे, आणि निष्ठा ही बाहेर पडण्याला आवर घालते, असा त्याचा सारांश. त्याने उद्योगधंदे, पक्ष, शाळा यांचा विचार केला. कुटुंबालाही तो लागू पडतो. बाहेर पडण्याची किंमत जितकी जास्त तितका आतल्या आवाजाला भाव कमी, हे तेथेही खरे आहे. अमर्त्य सेन यांनी १९९० च्या एका निबंधात कुटुंबाचे वर्णन सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी चालणारे ठिकाण असे केले आहे. संबंध तुटले तर कोणाची किती वाताहत होईल, यावर संबंध टिकलेले असताना कोणाचे किती ऐकले जाईल हे ठरते. जिला जाण्याला ठिकाण नाही तिचे राहत्या घरातही चालत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच देशातील आहे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या विवाहितांच्या नावे काहीच स्थावर नव्हते त्यांपैकी ४९ टक्क्यांना पतीकडून मारहाण सोसावी लागली होती. ज्यांच्या नावे जमीन आणि घर दोन्ही होते त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते. शिक्षणाने, नोकरीने जे साधत नाही ते सातबाऱ्यावरील नावाने साधावे, हे आम्हा अध्यापकांना थोडे खट्टू करणारे आहे खरे. पण त्यातील मर्म असे की, या स्त्रियांपैकी बहुतेकींना घर सोडून जावे लागतच नव्हते. त्या जाऊ शकतात, एवढे नवऱ्याला ठाऊक असणे पुरेसे होते.

आता छळणाऱ्याच्या बाजूने विचार करून पाहा. त्याला ही जाण्याची किंमत वाढवायची असते. टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने संघर्षाच्या डावपेचांचा अभ्यास करताना ओलिसांचा विचार केला आहे. ओलीस ठेवणाऱ्याचे बळ ओलिसाच्या बाजारभावावर अवलंबून नसते. समोरच्याला तो किती प्रिय आहे यावर ते अवलंबून असते. या दृष्टीने घरातील मांजर हा छळणाऱ्याला अत्यंत स्वस्तात मिळणारा ओलीस आहे. मुलाला हात लावला तर पोलीस येतील, शेजारी येतील, न्यायालय जाब विचारील. मांजराला छतावरून फेकले तर कोण येणार? त्याची बाजारातली किंमत शून्य, कायद्यातली किंमत नाममात्र. आणि जिच्यावर दहशत बसवायची तिच्या लेखी मात्र त्याची किंमत अपार. पुष्कळदा त्या घरात तिच्या अंगाला प्रेमाने घासणारा तो एकच जीव असतो. शिवाय प्राण्याला केलेली इजा ही एक सूचनाही असते. आज याला केले, उद्या तुला, असे शब्द न उच्चारता सांगितले जाते. मुले ते पाहत असतात.

या दोन क्रौर्यांचे नाते नव्याने सापडलेले नाही. न्यूयॉर्कमध्ये १८७४ साली एका छळल्या गेलेल्या अनाथ मुलीच्या सुटकेसाठी धाव घेतली ती प्राणिदया संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांनी. कारण प्राण्यांसाठी संस्था होती, मुलांसाठी नव्हती. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पॉवर कॉब या विदुषीने १८७५ मध्ये जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीविरुद्ध संस्था काढली आणि १८७८ मध्ये बायकांना होणाऱ्या मारहाणीवर असा लेख लिहिला की त्याच वर्षी पार्लमेंटने मार खाणाऱ्या पत्नीला विभक्त राहण्याची मुभा देणारा कायदा केला. मध्यंतरीच्या शंभर वर्षांत प्राणिदयेचे खाते वेगळे झाले, स्त्रियांचे वेगळे, मुलांचे वेगळे. आणि प्रत्येक खात्याने आपापल्या दारावर 'इतरांस प्रवेश नाही' अशी पाटी लावली.

नियमामागची कारणे

आश्रयगृहांना दोष देणे सोपे आहे. लंडनमधील चिझिक येथे १९७१ मध्ये आणि अमेरिकेत सेंट पॉल येथे १९७४ मध्ये पहिली आश्रयगृहे निघाली, ती चळवळीतील स्त्रियांनी साध्या घरांतून, वर्गणीवर चालविलेली होती. एका खोलीत दोन-तीन कुटुंबे, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर. तेथे कोणा मुलाला केसांमुळे दम्याची उबळ येते. कोणी कुत्र्याला भिते. कोणा घाबरलेल्या कुत्र्याने नवख्या माणसाला चावा घेतला तर विमा कंपनी हात वर करते. त्यात जागेचा पत्ता गुप्त राखावयाचा, आणि भुंकणारा प्राणी तो गुप्त राखू देत नाही. नियम निर्दयपणातून झालेला नव्हता. तो दारिद्र्यातून झाला होता.

त्यावर तीन तोडगे निघाले. पहिला, प्राण्याला काही महिने दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला देण्याचा. ब्रिटनमध्ये डॉग्ज ट्रस्ट ही संस्था २००४ पासून 'फ्रीडम प्रोजेक्ट' या नावाने हे काम करीत आली आहे. हा मार्ग स्वस्त आहे, पण ताटातूट होते ती होतेच. दुसरा, रोझ ब्रुक्सप्रमाणे आवारातच प्राण्यांचा निवारा बांधण्याचा : राहण्याची जागा वेगळी, पण सकाळ-संध्याकाळ भेट. तिसरा, प्राणी तिच्याच खोलीत ठेवू देण्याचा. न्यूयॉर्कच्या उपर्युक्त अर्बन रिसोर्स इन्स्टिट्यूटने २०१३ पासून हा मार्ग धरला. आधी मांजरे व लहान प्राणी घेऊन पाहिले, निभावते असे दिसल्यावर कुत्रीही घेतली. आणि २०१८ मध्ये ब्रुकलिन भागात माणसे व प्राणी एकत्र राहतील अशाच बेताने उभारलेली एक इमारत सुरू केली. खाद्य तयार करणाऱ्या प्युरिना कंपनीने आणि रेडरोव्हर या संस्थेने २०१९ पासून इतर आश्रयगृहांना अशा सोयींसाठी देणग्या देण्यास सुरुवात केली. कंपनीचा त्यात जाहिरातीचा लाभ आहे हे उघड आहे. तेवढ्यावरून कुंपणाच्या जाळीला कमीपणा येत नाही.

यांपैकी प्रस्तुत लेखकाला दुसरा मार्ग सर्वांत व्यवहार्य वाटतो. आवारातील शेडला खोलीइतका खर्च येत नाही, ज्यांना प्राण्यांचा त्रास होतो त्यांचेही अडत नाही आणि ताटातूटही होत नाही.

कायद्यानेही हळूहळू पावले टाकली. मेन या राज्याने २००६ मध्ये न्यायालयाच्या संरक्षण-आदेशात घरातील प्राण्याचा समावेश करण्याची तरतूद केली. पुढे बहुसंख्य राज्यांनी तिचे अनुकरण केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने वादळ-पुराच्या वेळी माणसांना हलविताना त्यांच्या प्राण्यांचाही विचार करावा असा कायदा केला. कारण आदल्या वर्षी कतरिना वादळात प्राण्यांना सोडून बसमध्ये चढण्यापेक्षा बुडत्या घरात राहणे अनेकांनी पत्करले होते. २०१८ च्या डिसेंबरमध्ये 'पेट अँड विमेन सेफ्टी ॲक्ट' संमत झाला, तोही स्वतंत्रपणे नव्हे, तर शेतीविषयक एका अवाढव्य विधेयकाच्या पोटात. त्याने आश्रयगृहांना अशा सोयींसाठी वर्षाला ३० लक्ष डॉलर अनुदान देण्यास मान्यता दिली आणि प्राण्यावरील उपचाराचा खर्च गुन्हेगाराकडून वसूल करण्याची तरतूद केली. अमेरिकेच्या अंदाजपत्रकात ३० लक्ष डॉलर म्हणजे धान्याच्या कोठारातील एक मूठ.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. जेथे स्त्रियांनाच खाटा पुरत नाहीत, जागा नाही म्हणून रोज कोणाला तरी परत पाठवावे लागते, तेथे कुत्र्यामांजरांवर पैसा खर्च करणे हा कोणता न्याय? साधने मर्यादित असताना प्राधान्यक्रम लावावाच लागतो, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने नाकारले तर त्याने नोकरी सोडावी. परंतु येथे तुलना कुत्रा आणि स्त्री यांच्यात नाही. तुलना आहे ती जी स्त्री आत येऊ शकते तिच्यात आणि जी येऊच शकत नाही तिच्यात. शेडचा खर्च हा या दुसऱ्या स्त्रीवरचा खर्च आहे. तिच्यासाठी खाट मोकळी ठेवली काय आणि न ठेवली काय, शेडविना ती येत नाही. यानेही आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही हे मान्य केले पाहिजे. दहा खाटांच्या गृहात अकरावी स्त्री दारात उभी असेल, तर पैसे आधी अकराव्या खाटेकडेच जातील, आणि जावेत.

आपल्याकडे

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, की हे चोचले श्रीमंत देशांना शोभतात. आमच्या बायकांना स्वतःला निवारा नाही, तेथे मांजरांचे काय घेऊन बसलात?

लेखकाचे बालपण माण तालुक्यातील एका खेड्यात गेले. आमच्या घराला लागून एक कुटुंब राहत असे. त्या घरातील बाईला आम्ही मुले काकू म्हणत असू. नवरा दारू पिई आणि तिला मारी. भिंत एकच असल्यामुळे आम्हाला सर्व ऐकू येई. एके दिवशी दोन मुलांना घेऊन ती माहेरी निघून गेली. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. पाचव्या दिवशी ती परत आली. माझ्या आईने तिला आडावर गाठून विचारले, "अगं, आलीस कशाला परत?" ती म्हणाली, "आक्का, शेळी गाभण हाय, आजउद्या व्यायची. तिला तिथं कोन बघनार? अन् त्यानं सांगावा धाडलाय, बाजारच्या दिवशी खाटकाला घालतो म्हून." ती शेळी तिने मोलमजुरीच्या पैशातून, करडू असताना घेतलेली होती. तिला दोन पिले झाली. त्यांतले एक विकून थोरल्या मुलीची वह्या-पुस्तके आली, हे मला पक्के आठवते, कारण आम्ही एका वर्गात होतो. काकू त्यानंतर सतरा वर्षे त्या घरात राहिली, नवरा मरेपर्यंत.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या म्हणीत शेळीमागे उभी असलेली बाई मात्र कोठे दिसत नाही.

आता या शेळीला अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यात बसवून पाहिले तर ती बसत नाही. त्या कायद्यातील पाळीव प्राणी म्हणजे मुख्यतः हौसेखातर पाळलेला प्राणी. धंद्यासाठी पाळलेला नव्हे. घोड्याचा तेवढा वेगळा उल्लेख आहे. आपल्या कोरडवाहू गावातील बाईची शेळी हौसेची नाही. पण नुसती धंद्याचीही नाही. ती तिची बँक आहे, विमा आहे, लेकीची फी आहे, आणि दुपारच्या उन्हात बाभळीखाली तिच्याशी बोलणारी सोबतीणही आहे. म्हणजे येथे ओलिसाचे मोल दुहेरी होते. अमेरिकेतील स्त्रीला कुत्रा सोडताना काळीज सोडावे लागते. काकूला काळजाबरोबर भांडवलही सोडावे लागत होते. तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे लागू नाही असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. तो आपल्याकडे अधिकच लागू आहे; त्याला आपण या नावाने ओळखत नाही, इतकेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक अथवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितल्याचे आढळले. उरलेल्यांपैकी किती जणींच्या दावणीला काय बांधलेले होते, हे त्यांना कोणी विचारले नाही.

आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा चांगला आहे. किंबहुना आर्थिक छळाची इतकी विस्तृत व्याख्या फार थोड्या देशांच्या कायद्यांत असेल. जिच्यात स्त्रीचा हितसंबंध आहे अशी चल वा अचल मालमत्ता परस्पर विकणे हा त्या व्याख्येनुसार छळ आहे, आणि तिची मालमत्ता तिला परत देण्याचा हुकूम दंडाधिकारी करू शकतात. शेळी ही चल मालमत्ता आहे; अक्षरशः चालणारी. म्हणजे 'खाटकाला घालतो' ही धमकी आज काकूला न्यायालयात नेता आली असती. परंतु त्याच कलमात मानसिक छळाची व्याख्या करताना, तिला आस्था असलेल्या 'व्यक्तीला' इजा करण्याच्या वारंवार दिलेल्या धमक्यांचा उल्लेख आहे. शेळी, कुत्रा, म्हैस या व्यक्ती नव्हेत. जनावराला दगडाने ठेचीन अशी रोज धमकी देणारा माणूस या उपकलमाच्या अक्षरांतून सुटू शकतो. तशी जनावरांना इजा करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद सांगितलेली आहे; मात्र १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या अपराधाचा दंड १० ते ५० रुपये एवढाच आहे. ५० रुपयांत आज शेळीचा एक दिवसाचा पेंड-चाराही धड होत नाही.

कायद्याने शेळी परत मिळाली, तरी ती बांधायची कोठे? जिल्ह्याजिल्ह्यांत २०१५ पासून सुरू झालेल्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पीडितेला तात्पुरते, सहसा पाच दिवसांपर्यंत, राहता येते; पुढे शक्ती सदनासारख्या गृहांत तिची व्यवस्था होऊ शकते. या गृहांत मुलांची सोय कशी करावी यावर नियम आहेत. जनावराविषयी कोणाला काही सुचल्याचे दिसत नाही. मुंबईतील एखाद्या गृहात शेळी बांधा असे कोणी म्हणणार नाही. तेथे प्रश्न मांजराचा किंवा कुत्र्याचा येईल, आणि त्यासाठी एखाद्या प्राणिमित्र संस्थेशी करार पुरे व्हावा. पण तालुक्याच्या ठिकाणच्या गृहाला आवार असते, आवाराला भिंत असते, आणि जवळच सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो.

याला 'अव्यवहार्य' म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्रातील चारा छावण्या आठवाव्यात. २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत या राज्याने माणसे आणि जनावरे एकत्र राहतील अशा छावण्या सरकारी अनुदानाने चालविल्या. जनावरापाठोपाठ त्याचा धनी येई, धन्यापाठोपाठ बायको, मुले, तवा-परात येई. आणि शेडनेटच्या सावलीत दावणीशेजारी अंथरूण पडे. म्हसवड येथे माण देशी फाउंडेशन या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेने अशी एक मोठी छावणी चालविली. तिच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी तिची जन्मकथा जाहीरपणे सांगितली आहे : संस्थेच्या बँकेत एक बाई दागिने गहाण टाकावयास आली, आणि ते दागिने जनावरांच्या वैरणीसाठी गहाण पडणार होते. जनावर सोडून माणूस जागचा हलत नाही, हे दुष्काळाच्या वेळी शासनाला, संस्थांना, कलेक्टर कचेरीतील कारकुनालाही कळले होते. दुष्काळ आभाळातून आला तेव्हा कळलेली गोष्ट, तो घराच्या आतून आला म्हणजे कळेनाशी का व्हावी?

करावयाचे फार नाही. संरक्षण अधिकारी पीडितेकडून घटनेचा जो अहवाल भरून घेतात त्यात मुलांच्या तपशिलाखाली एक ओळ वाढवावी : घरी कोणते जनावर आहे, ते कोणाचे, त्याला धोका आहे काय. हेल्पलाइनवर १८१ क्रमांक फिरविणाऱ्या बाईलाही हाच प्रश्न विचारावा. कारण ती आपण होऊन सांगत नाही. जीव धोक्यात असताना शेळीचे नाव काढले तर लोक हसतील, असे तिला वाटते. आवार असलेल्या गृहांत चार दावणींची एक शेड पशुसंवर्धन खात्याने उभी करावी. तीही सर्वत्र एकदम नव्हे, आधी दुष्काळी पट्ट्यातील दोन-तीन ठिकाणी. आणि मालकीचा पुरावा. अमेरिकेत पीडितांना सल्ला दिला जातो तो असा की, लसीकरणाचा दाखला, डॉक्टरचे बिल, नगरपालिकेचा परवाना जमेल तितका स्वतःच्या नावाने करून ठेवावा. पुढे न्यायालयात तोच कामी येतो. आपल्याकडे हे काम एका परीने सोपे झाले आहे. गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या कानात आता बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारतात, आणि त्या क्रमांकापुढे मालकाचे नाव नोंदलेले असते. बचत गटाच्या कर्जातून बाईने घेतलेल्या शेळीपुढे त्या रकान्यात कोणाचे नाव पडते, हे पाहण्याचे काम कोणाचेच नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो असता काकूंना भेटलो. सत्तरी उलटली आहे, दृष्टी अधू झाली आहे, पण दारात तीन शेळ्या आहेत आणि तिघींच्या कानांत पिवळे बिल्ले आहेत. नोंद कोणाच्या नावाने केली, असे विचारले.

"लेकाच्या," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हनला हुता, आजी, तुमचं नाव घालू का? मीच नको म्हनले. बाईचं नाव कशाला कागदावर?"